खामगावचा कापूस बाजार : रुमालापासून तारण पावतीपर्यंत

खामगावच्या पेठेची सुरुवात साधारण १८२० च्या सुमारास झाली. काही व्यापाऱ्यांनी येथे दुकाने थाटून तूप, सूत आणि थोडा कापूस यांचा व्यापार सुरू केला. १८५३ मध्ये निजामाने, खामगाव ज्या प्रदेशात येते त्या वऱ्हाडचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे सोपवला आणि १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. तिकडचा कापूस बंद होताच इंग्लंडच्या गिरण्यांनी वऱ्हाडाकडे मोर्चा वळवला. १८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या हस्ते जलंब–खामगाव हा सुमारे १३ किलोमीटरचा रेल्वे फाटा सुरू झाला. जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने उभे राहिले आणि दाबून बांधलेल्या गठाणी थेट मुंबई बंदराकडे निघाल्या. त्या काळी अकोला जिल्ह्यात असलेले खामगाव १९०५ च्या फेररचनेत बुलढाणा जिल्ह्यात आले.

हंगामात पऱ्हाटीची वेचणी झाली की बंड्या भरभरून कापूस पेठेत येई. सौदा रुमालाखाली ठरे. अडत्या आणि खरेदीदार कापडाआड एकमेकांची बोटे दाबून भाव सांगत. बंडीजवळ उभ्या असलेल्या शेतकऱ्याला आपल्याच मालाचा भाव कळत नसे. त्यानंतर तोलाई, हमाली, धर्मादाय आणि कडता (वजनातील सूट) अशी कपात होई. उरलेल्या रकमेवर सावकाराचा हक्क आधीच लागलेला असे. पेरणीच्या वेळी घेतलेले कर्ज फेडायचे असल्याने भाव पडलेला असला तरी माल परत नेण्याची सोय नव्हती.

अमेरिकेतील युद्ध संपल्यावर भाव कोसळले. हा व्यापार शेतकऱ्याला किती महागात पडला, हे १८९६–९७ आणि १८९९–१९०० च्या दुष्काळांत उघड झाले. इतिहासकार लक्ष्मण सत्य यांनी वऱ्हाडातील कापूस आणि दुष्काळ यांच्या संबंधावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला आहे. कापसाच्या जागतिक इतिहासावरील स्वेन बेकर्ट यांच्या २०१४ च्या ग्रंथातही खामगावला जागा मिळाली आहे. पेठ, रेल्वे आणि कारखाने भरभराटीला आले, पण ज्याच्या शेतावर हे सारे उभे होते त्याच्या हाती दुष्काळात तग धरण्यापुरतेही काही राहिले नव्हते. आज ‘शाश्वत व्यवसाय प्रारूप’ या विषयाचे अभ्यासक नफ्याबरोबर माणसे आणि जमीन यांचाही हिशेब मागतात. वऱ्हाडच्या बाजारात तो हिशेब कोणी मांडलाच नव्हता.

सुधारणेचे पहिले पाऊल कायद्याने टाकले. १८९७ चा वऱ्हाड कापूस व धान्य बाजार कायदा हा देशातील नियंत्रित बाजाराचा आरंभीचा नमुना मानला जातो. बाजाराची जागा, वजनमापे, तोलणाऱ्यांचे परवाने आणि आकारणी यांना त्याने नियम लावले. मात्र बाजार समितीवर व्यापाऱ्यांचेच वर्चस्व राहिले. शेतकऱ्याला तेथे प्रतिनिधित्व नव्हते. ही उणीव पुढच्या कायद्यांनी भरून काढली. महाराष्ट्राच्या १९६३ च्या कृषी उत्पन्न पणन कायद्याने समित्यांत शेतकरी प्रतिनिधींना स्थान दिले आणि उघड लिलाव हा विक्रीचा पाया ठरवला.

दुसरा मोठा प्रयोग म्हणजे १९७२ ची कापूस एकाधिकार खरेदी योजना. खासगी व्यापाऱ्याला बाजूला सारून शासनाने सारा कापूस हमीभावाने घ्यायचा, प्रतवारी करायची, सरकी काढून गठाणी विकायच्या आणि नफ्याचा वाटा शेतकऱ्याला द्यायचा, अशी ही रचना होती. शेतकऱ्याला भावाचा आधार मिळाला. पुढे मात्र हमीभाव बाजारभावापेक्षा चढा राहू लागला, तोटा राज्याच्या तिजोरीवर पडला आणि चुकारे रखडले. २००२ नंतर खासगी खरेदीला पुन्हा वाट मिळाली. शेतकऱ्याला न्याय देऊ पाहणारी ही व्यवस्था स्वतःचा खर्च मात्र पेलू शकली नाही.

तिसरा मार्ग साठवण आणि पतपुरवठा यांची सांगड घालणारा आहे. राज्याच्या पणन मंडळाने १९९०–९१ पासून शेतमाल तारण योजना सुरू केली. काढणीनंतर शेतकरी सोयाबीन, तूर किंवा हरभरा बाजार समितीच्या गोदामात ठेवतो आणि मालाच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम कर्जाऊ घेतो. भाव आला की माल विकून कर्ज फेडतो. बुलढाण्यात राधेश्याम चांडक यांनी १९८६ मध्ये स्थापन केलेल्या बुलढाणा अर्बन या पतसंस्थेनेही गोदामे बांधून शेतमालावर कर्ज देण्याचा व्यवसाय वाढवला. पतसंस्थेच्या या व्यवहारात शेतकऱ्याला थांबायला वेळ मिळतो, संस्थेला व्याज आणि गोदामभाडे मिळते, आणि कर्जाला मालाचे तारण असते. दोन्ही बाजूंचा खर्च निघत असल्याने ही रचना अनुदानावाचूनही चालू शकते.

या सोयीचा लाभ मुख्यतः धान्य, डाळी आणि गळिताच्या पिकांना होतो. भावाची वाट पाहणारा कापूस उत्पादक आजही कापूस घरातच भरून ठेवतो. ओलावा उडून वजन घटते, अंगाला खाज सुटते, ठिणगीची धास्ती असते. रुमालाखालचा सौदा गेला आणि भाव उघड झाला, तरी त्या भावासाठी थांबण्याची किंमत कापूस पिकवणारा अजून एकटाच मोजतो.