पाचव्या चाकाची सनावळी

शाळेत इतिहास म्हटला की सनावळ्या आठवतात, आणि त्या पाठ करण्याचा कंटाळाही. पण निवृत्तीनंतर जुना डिझेल ट्रक आणि फिफ्थ-व्हील ट्रेलर घेऊन अमेरिका पाहायला निघायचा बेत असेल, तर काही सनावळ्या पाठ हव्यातच. नाहीतर खिशाला चटका बसतो आणि डोंगरातल्या उतारावर जिवाला घोर लागतो.

आधी नावाचा उलगडा. चारचाकी घोडागाडीच्या पुढच्या आसावर एक आडवं चक्र असे. त्यावर आस फिरला की गाडी वळे. तेच पाचवं चाक. 1914 मध्ये डेट्रॉइटच्या ऑगस्ट फ्रूहॉफ या लोहाराने एका लाकूड व्यापाऱ्याची बोट नेण्यासाठी फोर्ड मोटारीमागे जोडायची गाडी बनवली. सेमी-ट्रेलरचा धंदा तिथून वाढला आणि ट्रक-ट्रेलरच्या सांध्याला घोडागाडीचंच नाव चिकटलं.

हा सांधा फिरत्या घरापर्यंत आणला एका वैमानिकाने. 4 जुलै 1908 रोजी न्यूयॉर्क राज्यातल्या हॅमंड्सपोर्टला 'जून बग' विमान उडवणाऱ्या ग्लेन कर्टिसने 1920 च्या दशकाच्या अखेरीस 'एरोकार' ट्रेलर विकायला काढला. हादरे शोषायला त्याने सांध्यात विमानाचं चाक आडवं बसवलं होतं. तत्त्व आजही तेच आहे: ट्रेलरचा भार मागे बंपरवर न टांगता ट्रकच्या मागच्या आसावर घ्यायचा. त्यामुळे ट्रेलर कमी हेलकावतो, पण त्याच्या वजनाचा साधारण पाचवा हिस्सा ट्रकच्या पाठीवर येतो. 12,000 पौंडांच्या ट्रेलरचे सुमारे 2,400 पौंड झाले. त्यात तुम्ही दोघं, नातवंडं, सामान आणि लोखंडी हिचही मिळवा. विकणारा 'काहीही ओढेल' म्हणाला तरी ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरचा स्टिकर वाचा. ट्रक किती भार पेलू शकतो, ते तिथे छापलेलं असतं.

आता इंजिन. रुडॉल्फ डिझेलचं इंजिन 1897 मध्ये जर्मनीतल्या आउग्सबुर्गला यशस्वी ठरलं. इंडियाना राज्यातल्या कोलंबस गावी क्लेसी कमिन्सने 1919 मध्ये कंपनी काढली. डिझेल मोटारीतही चालतं हे पटवायला त्याने पॅकार्ड गाडीत आपलं इंजिन बसवलं आणि जानेवारी 1930 मध्ये ती थेट न्यूयॉर्कच्या प्रदर्शनाला नेली. इंधनाचा खर्च आला 1.38 डॉलर! याच कंपनीशी भागीदारी करून 1962 मध्ये पुण्यात किर्लोस्कर कमिन्स उभी राहिली. कोथरूडचा तो कारखाना आपल्यातल्या अनेकांच्या नात्यागोत्यात आहे, आणि पुण्याहून कोलंबसला आलेली मराठी घरंही काही थोडी नाहीत.

खरेदीची सनावळी इथून सुरू होते. 1989 मध्ये डॉज ट्रकमध्ये 5.9 लिटरचं कमिन्स इंजिन आलं. 1998 पर्यंतच्या या इंजिनांचा इंधनपंप पूर्ण यांत्रिक आहे. म्हणूनच त्यांना आजही भाव आहे. त्यानंतरच्या 24 व्हॉल्व्हच्या इंजिनांपैकी 2001 पर्यंतची पाहताना ब्लॉकवर '53' हा ओतीव आकडा आहे का ते तपासा. त्यातल्या काही ब्लॉकना तडे जातात. 2007 पासून धुराड्यात काजळी अडवणारा फिल्टर आला आणि 2010 नंतर हळूहळू युरियाच्या द्रावणाची वेगळी टाकीही. हवा स्वच्छ झाली, पण दुरुस्ती महागली. ही यंत्रणा काढून टाकलेला ट्रक स्वस्त मिळाला तरी घेऊ नका; ती काढायला केंद्रीय कायद्याने मनाई आहे, आणि पुन्हा बसवायचा खर्च तुमच्या गळ्यात पडतो.

ट्रेलरचीही सनावळी असते. टायरवरच्या शेवटच्या चार आकड्यांत तो बनल्याचा आठवडा आणि वर्ष असतं: 2318 म्हणजे 2018 चा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत दिसली तरी नुसत्या उभ्या ट्रेलरचे टायर वयानेच कुजतात. छताचे सांधे आणि कपाटांचे कोपरे दाबून पाहा. मऊ लागले तर पाणी मुरलेलं आहे.

आणि क्रम चुकवू नका: आधी ट्रेलर ठरवा, मग त्याला पेलणारा ट्रक. मुलांना सोबत न्या. स्टिकरवरचे बारीक आकडे त्यांना वाचू द्या, आणि त्यांनी 'नको' म्हटलं तर ऐका. रस्ता कुठे पळून जात नाही.