ढोर हरवलं तर मोबाईलवर सापडतं का? महिन्याच्या रिचार्जशिवाय काय चालतं, काय नाही

बपेरा (ता. तुमसर) : सांजच्याला कळप आखरावर येतो आणि मोजणीत एक गाय कमी भरते. मग टॉर्च घेऊन बांध्या पालथ्या घालायच्या, गुराख्याला विचारायचं, कोंडवाड्यात पाहायचं. बपेऱ्यासारख्या सीमेवरच्या गावात तर बावनथडी ओलांडली की मध्य प्रदेशचा बालाघाट जिल्हा. म्हणजे रात्र गेली की दुसऱ्या राज्यात विचारपूस. घरच्या कुत्र्याचंही तेच. म्हणूनच मोबाईलवर दिसणाऱ्या "लाईफटाईम फ्री, नो सबस्क्रिप्शन" अशा पट्ट्यांच्या जाहिरातींकडे लक्ष जातं. यातल्या काही खरंच कामाच्या आहेत, पण गावात आणि रानात त्यांचं काम सारखं होत नाही.

आधी एक गोष्ट समजून घ्या. जीपीएस फुकटच असतं. उपग्रह वरून सिग्नल पाठवत राहतात, पट्ट्यातलं यंत्र तो ऐकून आपण कुठं आहोत ते ठरवतं. त्याचे पैसे कोणी घेत नाही. पैसे लागतात ते "गाय इथं आहे" हा निरोप तुमच्या मोबाईलपर्यंत आणायला. म्हणून कोणतीही वस्तू घेताना दुकानदाराला एकच विचारा: याचा निरोप कशावरून येतो?

नाण्याएवढा टॅग

सर्वात स्वस्त उपाय म्हणजे ब्लूटूथ टॅग. सिम नाही, रिचार्ज नाही, आत बटणासारखा सेल, तो साधारण वर्षभर पुरतो. ॲपलचा एअरटॅग २०२१ मध्ये आला, तो फक्त आयफोनवाल्यांच्या कामाचा. अँड्रॉइडसाठी गूगलने २०२४ मध्ये असंच जाळं सुरू केलं, त्याला आता "फाइंड हब" म्हणतात. त्यावर चालणारा जिओटॅग गो डिसेंबर २०२४ मध्ये १,४९९ रुपयांना बाजारात आला. इतर कंपन्यांचेही आहेत.

या टॅगमध्ये जीपीएस नसतं. जवळून जाणाऱ्या कोणाच्याही मोबाईलला तो ब्लूटूथवरून हाक मारतो आणि तो मोबाईल आपलं ठिकाण गुपचूप पुढं पाठवतो. त्या मोबाईलवाल्याला काही कळत नाही. म्हणजे टॅग जितका चालतो तितका दुसऱ्यांच्या मोबाईलवर चालतो. तुमसरच्या बाजारात कुत्रा सुटला तर तो लवकर दिसेल. जंगलाच्या कडेला गाय बसली असेल आणि तिकडं कोणी फिरकलंच नाही, तर नकाशावर सकाळचं ठिकाण दिसत राहील.

गावासाठी यात आणखी एक मेख आहे, ती जाहिरातीत सांगत नाहीत. गूगलच्या जाळ्यात मोबाईल मुळातच "वर्दळीच्या ठिकाणी" या सेटिंगवर असतो. म्हणजे एकट्या मोबाईलने टॅग पाहिला तर ठिकाण दाखवत नाही, अनेक मोबाईलने पाहिला तरच दाखवतो. शहरात हे चालतं. पांदण रस्त्यावर एकटा गुराखी जातो, तिथं नाही चालत. उपाय सोपा आहे, पण तो टॅग घेणाऱ्याने नव्हे, बाकीच्यांनी करायचा आहे. मोबाईलच्या सेटिंग्जमध्ये गूगल, मग फाइंड हब, मग ऑफलाइन डिव्हाइस शोधण्याचा पर्याय उघडून "सर्व ठिकाणी" म्हणजे "इन ऑल एरियाज" निवडायचं. गुराखी, दूधवाला, ट्रॅक्टरवाले आणि बांधीवर रोज जाणारे दहा-वीस जण यांनी एवढं केलं तरी फरक पडतो. गावातल्या पोरांनी एका संध्याकाळी करून देण्यासारखं काम आहे.

गुराख्याला टॅगबद्दल आधीच सांगून ठेवा. अनोळखी टॅग आपल्यासोबत फिरतोय, असा इशारा मे २०२४ पासून अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींवर येतो. बिचारा घाबरून टॅग फेकून द्यायचा. आणि हाच इशारा चोराच्या मोबाईलवरही येऊ शकतो, म्हणून चोरीवर टॅगचा पूर्ण भरवसा ठेवू नका.

टॅग कातडी पट्ट्यात शिवून टाका. नुसता लटकवला तर ढोर झाडाला मान घासून पाडतं आणि कुत्रा चावून तोडतो. आतला सेल जनावराने किंवा लेकराने गिळला तर जीवावर बेततं.

सिमवाला ट्रॅकर

यात खरं जीपीएस असतं आणि निरोप मोबाईल टॉवरवरून येतो. "फ्री" असतं ते ॲप, सिम नाही. रिचार्ज संपला की पट्टा मुका. मात्र दर महिन्याला पैसे भरलेच पाहिजेत असंही नाही. इंटरनेट नको, फक्त कॉल-एसएमएस हवं, अशांसाठी वेगळे पॅक द्यायला ट्रायने डिसेंबर २०२४ मध्ये कंपन्यांना सांगितलं आणि २०२५ च्या सुरुवातीला वर्षभराचे असे पॅक सुमारे १,८५० रुपयांना आले. म्हणून एसएमएसवर उत्तर देणारा ट्रॅकर पाहा: त्याला मेसेज टाकला की तो नकाशाची लिंक पाठवतो. स्वस्त ट्रॅकर बहुतेक टूजी असतात आणि जिओचं टूजी नाही, त्यात जिओचं सिम चालणार नाही. आपल्या शिवारात कोणत्या कंपनीची रेंज येते ते आधी बघा. बॅटरी काही दिवसांतच चार्ज करावी लागते, हे गायीपेक्षा कुत्र्याला जमतं.

ना सिम, ना टॉवर

तिसरा प्रकार कमी लोकांना माहीत आहे: लोरा रेडिओ. भारतात ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ या पट्ट्यात ठरलेल्या ताकदीपर्यंत परवाना लागत नाही. दोन छोटी यंत्रं घ्यायची, एक जीपीएसवालं जनावराच्या गळ्यात, दुसरं आपल्याजवळ मोबाईलला जोडून. मेशटास्टिक नावाचं मोफत सॉफ्टवेअर त्यात चालतं. मोकळ्या धानाच्या शिवारात दोन-चार किलोमीटर सहज निरोप येतो, दाट झाडीत किंवा टेकडीआड कमी. घराच्या माडीवर यंत्र ठेवलं तर बरंच अंतर वाढतं. एकदाचे काही हजार रुपये, पुढं शून्य. मात्र जोडणी स्वतः करावी लागते, नकाशा आधी उतरवून ठेवावा लागतो, बॅटरीही वरचेवर चार्ज करावी लागते. गावात कोणी आयटीआय केलेला पोरगा असेल तर त्याला धरा.

उपग्रहावरून निरोप देणारे पट्टेही असतात. मे २०२३ मध्ये ब्रह्मपुरी भागातल्या दोन वाघिणी नागझिऱ्यात सोडल्या, तेव्हा त्यांना तशाच कॉलर होत्या. तो खर्च शेतकऱ्याच्या आवाक्याबाहेरचा. आणि महागडी कॉलरही हमी देत नाही. नागझिऱ्याहून उमरेड-पवनी-कऱ्हांडल्यात गेलेल्या "जय" वाघाला कॉलर होती, तरी एप्रिल २०१६ नंतर तो सापडला नाही.

कानातला बिल्ला विसरू नका

पशुवैद्यकीय दवाखान्यात कानाला लावतात तो बारा आकडी टॅग ठिकाण सांगत नाही. पण जनावर कोंडवाड्यात, गोशाळेत किंवा नदीपलीकडे सापडलं तर ते तुमचंच आहे हे त्यावरून ठरतं. १ जून २०२४ पासून राज्यात टॅगशिवाय जनावराची खरेदी-विक्री करता येत नाही. कान आणि नंबर स्पष्ट दिसेल असा फोटो मोबाईलमध्ये ठेवा.

आणि मोबाईलवर जनावर अनोळखी गोठ्यात किंवा चालत्या गाडीत दिसलं, तर एकट्याने मागं जाऊ नका. स्क्रीनशॉट काढा, ११२ ला फोन लावा आणि कानातला नंबर सांगा.