मुल्कोवालचा चिमटा : निर्जंतुकीकरणाच्या इतिहासातील एक प्रकरण

शाहू छत्रपतींच्या कारकिर्दीत कोल्हापूर संस्थानास प्लेगने ग्रासले होते, हे या प्रदेशाच्या इतिहासाच्या अभ्यासकांस परिचित आहे. त्या साथीच्या संदर्भात लस, विलगीकरण व लोकक्षोभ यांची चर्चा पुष्कळ झाली आहे. परंतु लस टोचताना हाताळल्या जाणाऱ्या उपकरणांच्या शुद्धीकडे त्या मानाने लक्ष गेलेले नाही. हा प्रश्न किती जीवघेणा होता, हे मुंबईत तयार झालेल्या लशीच्या एका बाटलीवरून ध्यानात येते.

वाल्डेमार हाफकिन यांनी १८९७ च्या जानेवारीत मुंबईत ही लस प्रथम स्वतःस टोचून घेतली. १८९९ पासून त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये होती. तेथून पंजाबात पाठविलेली लस ३० ऑक्टोबर १९०२ रोजी मुल्कोवाल या खेड्यात १०७ जणांस टोचण्यात आली. त्यांपैकी एकाच बाटलीतून लस घेतलेले १९ जण धनुर्वाताने दगावले.

चौकशी आयोगाने दूषण परळलाच झाले, असा निर्णय दिला. लशीत कार्बोलिक आम्ल न घालता उष्णतेवर भिस्त ठेवली, हा हाफकिन यांच्यावरील मुख्य आक्षेप होय. त्यांना पद गमवावे लागले. तथापि साक्षीत आणखी एक गोष्ट आली होती. बूच काढण्याचा चिमटा जमिनीवर पडला होता आणि मदतनिसाने तो केवळ कार्बोलिकच्या द्रवात विसळून पुन्हा वापरला होता. शिवाय बाटली उघडताना दुर्गंधी आली नव्हती. धनुर्वाताचे जंतू आत कित्येक आठवडे वाढत असते, तर ती यावयास हवी होती. रोनाल्ड रॉस प्रभृतींनी हा पुरावा पुढे मांडला व १९०७ साली हाफकिन यांच्यावरील ठपका दूर झाला.

धनुर्वाताचे बीजाणू मातीत असतात. कार्बोलिकमध्ये क्षणभर विसळल्याने ते मरत नाहीत. त्यांस ज्योत किंवा १२१ अंश सेल्सिअसची दाबाखालील वाफच लागते. लिस्टर यांनी १८६७ मध्ये प्रतिष्ठा मिळवून दिलेल्या या द्रवावरील विश्वासाचा विपर्यास येथे दिसतो. ज्याने उष्णता निवडली तो दोषी ठरला. चिमट्यास मात्र नेमकी उष्णताच मिळाली नाही.

सारांश, निर्जंतुकीकरणाचा इतिहास हा केवळ शोधांचा इतिहास नव्हे. खाली पडलेले उपकरण उचलणाऱ्या हाताच्या सवयीचाही तो इतिहास आहे. आपल्या रुग्णालयांची जुनी दप्तरे या दृष्टीने तपासली जाणे अगत्याचे आहे.