बीइंग बॉइल्ड

बीइंग बॉइल्ड : ‘द ह्यूमन लीग’ या ब्रिटिश पॉप संगीतवृंदाची पहिली सिंगल ध्वनिमुद्रिका. ती जून १९७८ मध्ये एडिंबरो येथील ‘फास्ट प्रॉडक्ट’ या छोट्या स्वतंत्र कंपनीने प्रसिद्ध केली. सिंगल म्हणजे दोन्ही बाजूंवर बहुधा एकेक गीत असलेली, सात इंच (सु. १८ सेंमी.) व्यासाची व मिनिटाला ४५ फेरे घेणारी लहान तबकडी. प्रसिद्धीच्या वेळी या ध्वनिमुद्रिकेला ब्रिटनमधील विक्रीच्या क्रमवारीत स्थान मिळाले नाही. जानेवारी १९८२ मध्ये मात्र तीच क्रमवारीत सहाव्या स्थानापर्यंत पोहोचली. मधल्या साडेतीन वर्षांत संगीताचे तंत्र, श्रोत्यांची अभिरुची व खुद्द या वृंदाची घटना ही सर्व बदलली होती. त्यामुळे ब्रिटिश लोकप्रिय संगीताच्या इतिहासात एखाद्या कृतीचा निर्मितिकाल व तिच्या मान्यतेचा काल यांतील अंतराचे एक बोलके उदाहरण म्हणून या ध्वनिमुद्रिकेकडे पाहता येते.

पार्श्वभूमी : द ह्यूमन लीगचा उदय उत्तर इंग्लंडमधील शेफील्ड या शहरात झाला. पोलाद व सुऱ्या-कात्र्यांच्या धंद्यासाठी शेफील्ड पूर्वीपासून प्रसिद्ध होते. १९७० नंतरच्या दशकात या उद्योगास उतरती कळा लागली आणि शहरात अनेक कारखान्यांच्या इमारती ओस पडल्या. तरुण कलावंतांना सरावासाठी अशा जागा अल्प भाड्यात मिळू लागल्या. ‘कॅबरे व्होल्टेअर’ हा १९७३ मध्ये स्थापन झालेला वृंद ध्वनिफितींचे तुकडे व इलेक्ट्रॉनिक ध्वनी यांचे प्रयोग याच शहरात करीत होता. ‘मीटव्हिसल’ या नाट्य-कला उपक्रमातून तेथील अनेक होतकरू युवक एकत्र आले. मार्टिन वेअर (ज. १९५६) व इयन क्रेग मार्श (ज. १९५६) हे त्यांपैकी दोघे. दोघेही उपजीविकेसाठी संगणकचालकाचे काम करीत.

याच सुमारास दोन गोष्टी अनुकूल ठरल्या. एक म्हणजे सिंथेसायझरची उतरलेली किंमत. विद्युत्मंडलांच्या साहाय्याने ध्वनी निर्माण करणारे हे वाद्य १९७० च्या आसपास विद्यापीठांच्या प्रयोगशाळांना व संपन्न संगीतकारांनाच परवडण्याजोगे होते. कॉर्ग व रोलँड या जपानी कंपन्यांनी काढलेल्या लहान वाद्यांमुळे सत्तरीच्या उत्तरार्धात ते सामान्य नोकरदाराच्याही आवाक्यात येऊ लागले. दुसरी गोष्ट म्हणजे पंक चळवळ. मँचेस्टरच्या ‘बझकॉक्स’ या वृंदाने जानेवारी १९७७ मध्ये स्वतःच्या खर्चाने ध्वनिमुद्रिका काढली आणि मोठ्या कंपन्यांच्या आश्रयाविनाही हे काम करता येते, हे दाखवून दिले. त्यातच जर्मनीतील ‘क्राफ्टवेर्क’ या वृंदाचे संगीत व जॉर्जो मोरोडर याच्या साहाय्याने डॉना समर (१९४८–२०१२) हिने गायिलेले ‘आय फील लव्ह’ (१९७७) हे गीत यांमुळे केवळ यंत्रनिर्मित ध्वनींवरही नृत्यानुकूल संगीत उभे राहू शकते, हे सिद्ध झाले.

निर्मिती : वेअर व मार्श यांनी १९७७ मध्ये अ‍ॅडी न्यूटन याच्यासह ‘द फ्यूचर’ हा वृंद स्थापन केला. त्यांचे संगीत घेण्यास लंडनमधील कंपन्या तयार झाल्या नाहीत. न्यूटन बाहेर पडल्यावर गायकाची उणीव भासू लागली. तेव्हा वेअरने आपला शाळासोबती फिलिप ओकी (ज. १९५५) यास बोलावले. ओकी हा रुग्णालयात हमालाचे काम करीत होता व त्याला गायनाचा पूर्वानुभव नव्हता. वृंदाचे नवे नाव अवकाशयुद्धावरील एका पटावरच्या खेळातून घेण्यात आले.

वेअरने ओकीच्या हाती एका वाद्यरचनेची फीत दिली व तीसाठी शब्द लिहिण्यास सांगितले. त्यातून ‘बीइंग बॉइल्ड’ हे गीत तयार झाले. त्याचे ध्वनिमुद्रण शेफील्डमधील एका वापरात नसलेल्या कारखान्यात घरगुती वापराच्या टेपरेकॉर्डरवर झाले. व्यावसायिक स्टुडिओत त्या वेळी १६ किंवा २४ स्वतंत्र पट्ट्यांवर ध्वनी मुद्रित करण्याची सोय असे. येथे केवळ दोन पट्ट्या उपलब्ध होत्या. त्यामुळे एका पट्टीवरील ध्वनी दुसरीवर उतरविताना त्यातच नवा ध्वनी मिसळावयाचा, अशी रीत अवलंबावी लागली. या रीतीत प्रत्येक वेळी फितीची खरखर वाढते व एकदा मिसळलेला ध्वनी पुन्हा वेगळा काढता येत नाही. त्यामुळे प्रत्येक थर विचारपूर्वक रचावा लागतो. या मुद्रणास अवघा अडीच पौंड खर्च आला, असे सांगितले जाते.

गीतात गिटार अथवा ड्रम यांसारखे परंपरागत वाद्य नाही. आरंभीच्या वर्षांत केवळ सिंथेसायझरच वापरावयाचा, असा या वृंदाचा दंडक होता. तालाचे आघातही ‘रोलँड सिस्टिम १००’ या सिंथेसायझरवर घडविलेले आहेत. संथ लय, जड व खर्जातील आवर्ती स्वराकृती आणि तिच्यावर ओकीचा भावनाशून्य वाटावा असा घनगंभीर आवाज ही या मुद्रणाची वैशिष्ट्ये होत. साधनांच्या तुटपुंजेपणामुळे ध्वनींच्या मधे मोकळी जागा राहिली असून तिनेच या गीतास त्याचा करडा व गूढ स्वभाव प्राप्त करून दिला आहे. तबकडीच्या मागील बाजूवर ‘सर्कस ऑफ डेथ’ हे गीत आहे.

आशय : प्रेम किंवा नृत्य हे पॉप संगीताचे रूढ विषय सोडून या गीतात रेशमाच्या किड्यांच्या हत्येचा निषेध केलेला आहे. रेशमाचा किडा आपल्याभोवती एकाच अखंड धाग्याचा कोश विणतो. पतंग कोश फोडून बाहेर आल्यास तो धागा तुटतो. म्हणून बाहेर पडण्यापूर्वीच कोश उकळत्या पाण्यात, वाफेत किंवा उष्ण हवेत ठेवून आतील जीव मारला जातो. गीताचे शीर्षक या क्रियेवरूनच आले आहे. त्यात बुद्धाचाही निर्देश येतो. तथापि पौर्वात्य धर्मांविषयीची त्यातील समज बरीच गोंधळलेली आहे व तपशिलाच्या दृष्टीने ती प्रमाण मानता येत नाही. गीतात मांडलेला प्रश्न मात्र बौद्ध परंपरेस अपरिचित नाही. रेशीम मिसळलेले आस्तरण करवून घेण्यास विनयपिटकात भिक्षूंना मनाई आहे. काही भिक्षू रेशीम तयार करणाऱ्यांकडे जाऊन आपल्यासाठी कोश उकळण्यास सांगत व त्यावरून लोकांनी त्यांची निंदा केली, असे या नियमाचे कारण तेथे दिले आहे.

प्रकाशन व प्रतिसाद : शेफील्डमधील ‘टू पॉइंट थ्री’ या वृंदातील पॉल बॉवर याच्यामार्फत ही फीत फास्ट प्रॉडक्टचा संस्थापक बॉब लास्ट याच्याकडे पोहोचली. लास्टने ती जशीच्या तशी प्रसिद्ध केली व पुढे तो या वृंदाचा व्यवस्थापक झाला. संगीतविषयक नियतकालिकांतील प्रतिक्रिया संमिश्र होती. पंक संगीतातील अग्रणी गायक जॉन लायडन याने एका साप्ताहिकात या तबकडीची हेटाळणी केली. उलट, प्रसिद्ध गायक डेव्हिड बोई (१९४७–२०१६) याने १९७८ च्या अखेरीस लंडनमध्ये वृंदाचा कार्यक्रम पाहून त्याची जाहीर प्रशंसा केली. १९७९ मध्ये ‘व्हर्जिन’ या कंपनीने वृंदाशी करार केला.

तथापि यशाने हुलकावणी दिली. रिप्रॉडक्शन (१९७९) हा पहिला अल्बम प्रसिद्धीच्या वेळी क्रमवारीत आला नाही. त्याच वर्षी गॅरी न्यूमन याच्या ‘ट्यूबवे आर्मी’ या वृंदाचे सिंथेसायझरप्रधान गीत मात्र प्रथम क्रमांकावर गेले. वाट ज्यांनी आधी चोखाळली ते मागे राहिले व इतर पुढे निघून गेले, असे चित्र त्यामुळे दिसू लागले. ‘बीइंग बॉइल्ड’ हे गीत १९८० मध्ये सुसज्ज स्टुडिओत, अधिक भरदार ध्वनींसह पुन्हा मुद्रित करण्यात आले. ही नवी आवृत्ती ट्रॅव्हलॉग (१९८०) या अल्बममध्येही समाविष्ट झाली. अल्बमने सोळावे स्थान गाठले. पण सिंगल म्हणून वृंदाला यश लाभले नाही.

फूट व पुनःप्रकाशन : ऑक्टोबर १९८० मध्ये वृंदात फूट पडली. वेअर व मार्श बाहेर पडले व त्यांनी पुढे ‘हेवन सेव्हन्टीन’ हा वृंद स्थापन केला. नाव ओकीकडे राहिले. त्याबरोबर कर्ज व करारांची जबाबदारीही आली. त्याने शेफील्डमधील एका नृत्यगृहात भेटलेल्या जोअ‍ॅन कॅथरॉल व सुझन अ‍ॅन सली या दोन शाळकरी मुलींना वृंदात घेतले. निर्माता मार्टिन रशेंट (१९४८–२०११) याच्या साहाय्याने तयार झालेला डेअर (१९८१) हा अल्बम प्रथम क्रमांकावर गेला. त्यातील ‘डोन्ट यू वाँट मी’ हे गीत डिसेंबर १९८१ मध्ये ब्रिटनमध्ये व १९८२ मध्ये अमेरिकेतही अग्रस्थानी पोहोचले.

या लाटेचा लाभ घेऊन ‘बीइंग बॉइल्ड’ची जुनी तबकडी ‘ईएमआय’ या मोठ्या कंपनीमार्फत पुन्हा बाजारात आली. विशेष म्हणजे यश मिळाले ते १९८० च्या सुधारित आवृत्तीला नव्हे, तर कारखान्यात झालेल्या मूळ ओबडधोबड मुद्रणाला. ज्या वृंदाच्या नावावर हे यश नोंदले गेले, त्यात मात्र त्याची वाद्यरचना करणाऱ्या दोघांपैकी एकही आता उरला नव्हता. तबकडी विकत घेणाऱ्या अनेकांच्या डोळ्यांसमोर डेअरमधील चेहरे होते. ऐकू येणारे स्वर वेअर व मार्श यांचे होते.

मूल्यमापन : विक्रीच्या क्रमवारीवरून एखाद्या प्रवाहाचा इतिहास लिहिण्यातील धोका या उदाहरणावरून स्पष्ट होतो. केवळ क्रमवारी प्रमाण मानल्यास ही ध्वनिमुद्रिका डेअरच्या यशाची उपनिष्पत्ती ठरेल. वस्तुतः ती त्या प्रवाहाच्या उगमाजवळची कृती होय. १९७८ मध्ये तीत उणे असे काही नव्हते व १९८२ मध्ये तीत काही नवे भरले गेले नाही. मधल्या काळात न्यूमन, क्राफ्टवेर्क व स्वतः द ह्यूमन लीग यांच्या संगीतामुळे श्रोत्यांचा कान यंत्रध्वनींना सरावला, हाच काय तो फरक. अल्पखर्चिक साधनांनी घरगुती मुद्रण करण्याची जी पद्धती पुढे इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीतात सर्वत्र रूढ झाली, तिचे एक आरंभीचे उदाहरण म्हणूनही तिचे महत्त्व आहे. रिचर्ड एक्स या निर्मात्याने या गीताची वाद्यरचना दुसऱ्या एका जुन्या गीताशी जुळवून ‘लिबर्टी एक्स’ या वृंदाकडून ‘बीइंग नोबडी’ हे गीत गाऊन घेतले. ते २००३ मध्ये ब्रिटनच्या क्रमवारीत तिसऱ्या स्थानावर पोहोचले. म्हणजेच मूळ रचनेने प्रसिद्धीनंतर पंचवीस वर्षांनी आपल्या पूर्वीच्या स्थानाहूनही वरचे स्थान मिळविले.