नावावरची दोन टिंबे

5 जुलै 2025 रोजी बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्क मैदानावर ‘ब्लॅक सॅबथ’चे मूळ चौघे पुन्हा एकत्र आले, ऑझी ऑसबर्न सिंहासनासारख्या खुर्चीत बसूनच गायला, आणि 22 जुलैला तो गेला. मराठी विभागातल्या प्राध्यापकांचे अशा निधनाबद्दल कोण सांत्वन करणार? तरी आम्हां दोघांच्या फोनवर एक संदेश आला. तो वाळूजहून, रात्रपाळी करून घरी परतलेल्या एका मित्राचा होता. सव्वीस वर्षांपूर्वी हा मित्र औरंगाबादेतल्या (आजच्या छत्रपती संभाजीनगरातल्या) एका हेवी मेटल वाद्यवृंदात बेस गिटार वाजवीत असे. त्या वाद्यवृंदाविषयी कोठेही एक ओळ छापून आलेली नाही. म्हणून ही नोंद.

भारतीय रॉकचा जो काही इतिहास लिहिला गेला त्यात मुंबई आहे, बंगळूर आहे, शिलाँग आहे. ‘रॉक मशीन’ने 1993मध्ये ‘इंडस क्रीड’ हे नाव घेतले, त्याच वर्षी अलाहाबादेतून ‘रॉक स्ट्रीट जर्नल’ निघू लागले, 1986पासून मुंबईत ‘इंडिपेंडन्स रॉक’ भरत होता, हे सारे सापडते. आमच्या शहराच्या इतिहासातही नोंदी कमी नाहीत. पानतावणे सरांचे ‘अस्मितादर्श’ आहे, मराठवाडा साहित्य परिषदेचे ‘प्रतिष्ठान’ आहे, 14 जानेवारी 1994चा विद्यापीठाचा नामविस्तार आहे. या दोन इतिहासांच्या मधल्या फटीत 1998 ते 2000 या काळात चार मुले उस्मानपुऱ्यातल्या एका गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत सराव करीत होती. आमच्यापैकी एक त्यांचे सामान वाही. दुसऱ्याने त्यांच्यासाठी एक गीत लिहिले.

वाद्यवृंदाचे नाव आम्ही येथे देत नाही, कारण चौघांपैकी दोघांची तशी इच्छा आहे. एवढे सांगता येईल, की नाव इंग्रजी होते आणि त्यातल्या एका स्वरावर ‘मोटरहेड’च्या धर्तीवर दोन टिंबे होती. गुलमंडीवरच्या पेंटरने पडदा रंगविताना विचारले, “हे दोन टिंबं कशाला? अनुस्वार तर एकच असतो.” गिटारवादकाने उत्तर दिले, “उच्चारात काही नाही, नुसते दिसायला.” पेंटरने त्या टिंबांचे पैसे वेगळे लावले नाहीत, ही त्याची कृपा.

वाद्ये म्हणजे कलकत्त्याची एक गिवसन गिटार, उसना बेस आणि तीन वेगवेगळ्या ठिकाणांहून जमविलेला ड्रमसेट. अहुजाचा अँप्लिफायर नागसेनवनाजवळच्या एका गायन पार्टीचा होता. चौदा एप्रिलच्या आसपास तो मिळत नसे, कारण तेव्हा त्याला खरे काम असे. त्या पार्टीचे वयस्कर गायक एकदा सराव ऐकायला आले. अर्धा तास बसले आणि म्हणाले, “आवाज चांगला आहे, पोरांनो. शब्द कुठं आहेत?”

प्रश्न योग्य होता. आम्हां सर्वांना इंग्रजी गाण्यांचे शब्द कॅसेटच्या वेष्टणावरून पाठ होते. अर्थ अंदाजाने लागे. म्हणून मराठीत लिहायचे ठरले. आमच्यातल्या गीतकाराने मुक्तछंदात दोन पाने लिहून नेली. ड्रमरने ती परत केली. “ह्याला मोजता येत नाही,” एवढेच तो म्हणाला. माधव जूलियनांची ‘छंदोरचना’ एम.ए.च्या अभ्यासासाठी घेतलेली होती. ती पहिल्यांदाच उपयोगी पडली. पादाकुलकाच्या ओळीत सोळा मात्रा असतात, आठ-आठच्या दोन भागांत. चार ठोक्यांच्या आवर्तनात एकेका ठोक्यावर चार मात्रा नेमक्या बसतात. ड्रमरला जातीचे नाव ठाऊक नव्हते; ओळ ऐकताच त्याने ती मांडीवर वाजवून दाखविली. शिवाय आमच्या भाषेतली घ, ढ, भ ही महाप्राण व्यंजने गळ्यातून फोडलेल्या आवाजात जशी उभी राहतात तशी इंग्रजी उभी राहत नाही, असे आमचे आजही मत आहे.

पण खरा आक्षेप आशयाला होता. आम्ही नुकतेच नारायण सुर्व्यांचे ‘माझे विद्यापीठ’ वाचले होते, तेव्हा गीतात गिरणीचा भोंगा आला, चाळ आली, नळावरची रांग आली. बेसवाला त्या वर्षी आयटीआय करून वाळूजला उमेदवारी करीत होता. त्याने विचारले, “भोंगा कुठं वाजतो आपल्याकडं? पहाटे साडेपाचला कंपनीची बस हॉर्न मारते. चुकली की हजेरी गेली.” 1985मध्ये बजाजचा कारखाना आला तेव्हापासून वाळूजच्या माळावर उभे राहिलेले ते जग आमच्या घरापासून बारा-पंधरा किलोमीटरवर होते आणि आम्हाला मुंबईच्या कवितेतून माहीत होते. भोंगा खोडला, बस आली. वाङ्मयाचे एवढे खडखडीत परीक्षण आमचे पुढे कोणी केले नाही.

त्याच सुमारास गिटारवादकाने टोनी आयोमीची कथा मिळविली. हा सॅबथचा गिटारवादक. सतरा वर्षांचा असताना, 1965मध्ये, बर्मिंगहॅमच्या एका पत्रा-कारखान्यात नोकरीच्या शेवटच्या दिवशी त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके यंत्रात गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबणारी बोटे हीच. त्याने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणे केली, हलक्या तारा लावल्या, पुढे त्या सैल केल्या. 1971च्या तिसऱ्या अल्बममध्ये गिटार दीड स्वर खाली उतरलेली ऐकू येते. मेटलचा तो जड, खोल आवाज बराचसा त्या सैल तारांतून आला. ही कथा आम्ही बेसवाल्याच्या वडिलांना मोठ्या उत्साहाने सांगितली. तेही प्रेस शॉपमध्ये होते आणि त्यांच्या डाव्या तर्जनीचे अर्धे पेर नव्हते. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले व विचारले, “मग नुकसानभरपाई किती मिळाली त्याला?”

आम्हाला उत्तर देता आले नाही. असो.

फेब्रुवारी 2000मध्ये एका महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनात त्यांना पंधरा मिनिटे मिळाली. पहिले गाणे इंग्रजी होते. पुढच्या रांगांतल्या पाहुण्यांनी कानांवर हात ठेवले. दुसरे ते मराठी. पहिले कडवे संपेपर्यंत वसतिगृहाची मुले उभी राहिली होती, कारण ती बस त्यांच्याही घरांसमोर थांबत असे. दुसऱ्या कडव्यात वीज बंद झाली. फ्यूज उडाला की कोणी बटण दाबले, याविषयी आम्हां दोघांत अद्याप मतभेद आहेत. ड्रमरला विजेची गरज नव्हती. तो एकटाच उरलेले कडवे वाजवीत राहिला.

त्यानंतर फार काही घडले नाही. बेसवाला कायम झाला आणि त्याच्या पाळ्या दर आठवड्याला बदलू लागल्या, तेव्हा चौघांना एक संध्याकाळ सापडेना. गायक दुबईला गेला. कडाक्याची भांडणे, फूट वगैरे, जी अशा कथांत असतात, ती आमच्या वाट्याला आली नाहीत.

त्या संध्याकाळची कॅसेट आमच्याकडे आहे. फितीवर बुरशी आहे. गीताच्या बारा ओळींपैकी पाच कळतात. ढोलांचा आवाज मात्र स्पष्ट आहे. तो थांबल्यावर थोडी खरखर, मग टाळ्या, मग वीज परत आल्याचा कर्रर्र असा आवाज, आणि निवेदिकेचा अतिशय गोड स्वर: “यानंतर सादर होत आहे, कोळीनृत्य.”