विजयदुर्गाचं आरमार कोणी जाळलं?

दरवर्षी १ जानेवारी जवळ आली की जव्हार-मोखाड्यातही मोबाईलवर तोच प्रश्न फिरतो : भीमा कोरेगावात महार इंग्रजांच्या बाजूने का लढले? विचारणाऱ्यांनी आधी विजयदुर्गाजवळच्या गिर्ये गावी जावं. तिथे वाघोटन खाडीला लागून खडक फोडून केलेली आंग्र्यांची गोदी आहे. कान्होजींच्या काळापासून या आरमाराने इंग्रज, पोर्तुगीज, डच सगळ्यांना जेरीस आणलं होतं. त्यासाठी घाम गाळणारे सुतार, लोहार, कोळी, भंडारी यांची नावं आपल्याला शाळेत कोणी शिकवली नाहीत.

मार्च १७५५ मध्ये नानासाहेब पेशव्यांनी तुळाजी आंग्र्यांविरुद्ध मुंबईच्या इंग्रजांशी तह केला. एप्रिलमध्ये सुवर्णदुर्ग पडला. फेब्रुवारी १७५६ मध्ये समुद्राकडून वॉटसन आणि क्लाइव्ह, जमिनीवर पेशव्यांची फौज. आरमार पेटलं, बांधणीतली जहाजंही जळाली. पुढे धुळपांनी विजयदुर्गावर पुन्हा आरमार उभं केलं, पण इंग्रजांना धडकी भरवणारी ती ताकद परत आली नाही.

तुळाजी पेशव्यांना जुमानत नव्हता, हे खरं. पण घरचं भांडण मिटवायला इंग्रज बोलावले तर ती राजनीती, आणि पेशवाईत अस्पृश्यता सोसलेला महार इंग्रजांच्या पलटणीत गेला तर ती गद्दारी? विजयदुर्ग कोरेगावच्या जवळपास ६२ वर्षं आधीचा आहे. पेशव्यांकडे सत्ता होती, पर्याय होते. महार शिपायाकडे काय होतं?

इतिहास मोजायचा तर माप एकच ठेवा.

जयभीम!