दादऱ्याचा रस्ता, हेगचं कोर्ट आणि 'सरंजाम' हा एक शब्द

पोस्ट लांब आहे, आधीच सांगतो. पण टीव्हीवर रोज कुणीतरी 'आंतरराष्ट्रीय कोर्टात खेचू' म्हणतं, कुणी 'ही आमची अंतर्गत बाब' म्हणून टेबल आपटतं, आणि व्हॉट्सअॅपवर दर काही महिन्यांनी 'पेशव्यांनी दादरा-नगर हवेली पोर्तुगीजांना देऊन टाकली' हा मेसेज फिरतो. या तिन्ही गोष्टींचा उलगडा एकाच खटल्यात होतो. पोर्तुगाल विरुद्ध भारत, हेग, १९५५ ते १९६०. आपल्या शाळेच्या पुस्तकात याला एक ओळसुद्धा मिळाली नव्हती.

आधी जागा डोळ्यासमोर आणा. दमण समुद्रकाठी. तिथून आत गेलं की दादरा, आणखी पुढे नगर हवेली. दोन्हीला चारी बाजूंनी भारताची हद्द. म्हणजे दमणच्या पोर्तुगीज अधिकाऱ्याला सिल्वासाला जायचं तर भारताच्या जमिनीवरून जाणं आलं. तुमच्या आमच्या भाषेत, मधल्या शेतकऱ्याच्या बांधावरून.

जुलै १९५४ मध्ये भारत सरकारने हा रस्ता आवळला. त्याच महिन्यात २१-२२ तारखेच्या रात्री युनायटेड फ्रंट ऑफ गोवन्सच्या लोकांनी दादरा घेतलं. मग आझाद गोमंतक दल आणि इतर स्वयंसेवक नरोलीत घुसले, आणि २ ऑगस्टला सिल्वासा मोकळं झालं. या मोहिमेत गायक-संगीतकार सुधीर फडकेही होते, हे अनेकांना माहीत असेल. कम्युनिस्टांच्या झेंड्याखाली वारली शेतकरीही उठले होते. त्यांची आठवण मात्र फारशी काढली जात नाही.

पोर्तुगालनं काय केलं? १४ डिसेंबर १९५५ ला तो संयुक्त राष्ट्रांचा सदस्य झाला. १९ तारखेला आंतरराष्ट्रीय न्यायालयाचा अधिकार मान्य असल्याचं पत्र दिलं, आणि २२ तारखेला भारतावर केस ठोकली. तीन दिवसांत! दिल्लीला सावरायला वेळच मिळाला नाही. इथे पहिली कायद्याची गोष्ट लक्षात घ्या. हेगचं कोर्ट म्हणजे तालुका कोर्ट नव्हे, की दावा लावला आणि समन्स निघालं. देश स्वतःहून 'तुमचा अधिकार मला मान्य' म्हणेल तरच त्याला तिथे ओढता येतं. भारतानं तसं १९४० मध्येच, म्हणजे इंग्रजी अमलात, लिहून दिलं होतं आणि ते तसंच चालू होतं. केस आल्यावर जानेवारी १९५६ मध्ये आपण ते बदललं, पण घोडा आधीच सुटला होता. त्यामुळे 'कोर्टात खेचू' म्हणणाऱ्याला पहिला प्रश्न विचारा, समोरच्यानं संमती कुठे दिलीय?

भारतानं सहा प्राथमिक हरकती घेतल्या. त्यातली एक हीच, की रस्ता द्यायचा की नाही ही आमची अंतर्गत बाब. कोर्टानं ती मानली नाही. दोन देशांमधल्या हक्काचा, कराराचा, रूढीचा वाद असेल तर तो एकट्याच्या घरातला राहत नाही, असं साधं तर्कशास्त्र. आजही हा शब्द वापरणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवलं तरी पुरे.

आता पेशव्यांकडे येऊ. पोर्तुगालचं म्हणणं होतं, १७७९ च्या पुणे करारानं आणि १७८३, १७८५ च्या सनदांनी ही गावं आम्हाला सार्वभौमत्वासकट मिळाली, आणि सार्वभौमत्व आलं की तिथे जायचा रस्ताही आलाच. मग हेगमध्ये कराराच्या १७ व्या कलमाचे वेगवेगळे पाठ मांडून अक्षर-अक्षर तपासलं गेलं. १९६० च्या निकालात कोर्टानं म्हटलं, की या भाषेतून सार्वभौमत्व दिल्याचं निघत नाही. दिला तो वर्षाला १२,००० रुपये उत्पन्नाचा महसुली हक्क, म्हणजे जहागीर किंवा सरंजाम.

हा फरक समजून घ्या, सगळी केस त्यात आहे. सरंजामदार गावाचा वसूल खातो, गाव त्याचं होत नाही. मूळ सत्ता देणाऱ्याकडेच राहते. पोर्तुगाल म्हणालं, आम्हाला तिथलं बंड मोडायचा अधिकार दिला होता, म्हणजे आम्ही राजेच. कोर्टाचं उत्तर मला फार आवडतं. राज्यच दिलं असतं तर बंड मोडायची परवानगी वेगळी लिहून द्यायची गरज काय होती? मोडी दफ्तर वाचणाऱ्या कुणाही माणसानं हेच सांगितलं असतं.

तर व्हॉट्सअॅपवाल्यांनो, पेशव्यांनी 'देऊन टाकली' हे हेगच्या निकालात बसत नाही. पण लगेच छाती फुगवू नका, कारण निकाल पुढेही आहे. मराठी राज्य गेल्यावर तिथे इंग्रज आले आणि त्यांनी पोर्तुगीजांची सत्ता वागणुकीतून मान्य केली. पुढे स्वतंत्र भारतानंही ती मूकपणे चालू ठेवली. कागदानं जे दिलं नव्हतं ते वागण्यातून मिळालं, असा हा प्रकार.

रस्त्याचंही तेच झालं. आपल्याकडे १८८२ चा सुविधाधिकार कायदा आहे. त्यात कुणाच्या जमिनीवरून वीस वर्षं उघडपणे, हक्क म्हणून, अडथळ्याशिवाय ये-जा केली तर वहिवाट पक्की होते. तहसीलदारापुढे शेतरस्त्याच्या भांडणात रोज हेच चालतं. हेगमध्ये प्रश्न आला, दोनच देशांमध्ये अशी रूढी तयार होऊ शकते का? भारताचं म्हणणं, रूढीला अनेक देश लागतात. कोर्ट म्हणालं, दोघांतली दीर्घकाळची, दोघांनी मान्य केलेली वहिवाटही पुरते. जगभरच्या कायद्याच्या विद्यार्थ्यांना हा मुद्दा आजही या खटल्यावरून शिकवतात.

पण वहिवाट कशाची? सामान्य माणसं, मुलकी अधिकारी आणि माल सव्वाशे वर्षांहून जास्त काळ ये-जा करत होते. तेवढा हक्क ११ विरुद्ध ४ मतांनी मान्य झाला. सैन्य, सशस्त्र पोलीस आणि दारूगोळा मात्र परवानगी मागून जात. १८९१ मध्ये पोर्तुगीज गव्हर्नर जनरलनं स्वतःच तसं पत्रात लिहिलं होतं आणि ते पत्र त्यांच्याच गळ्यात आलं. बैलगाडीला वाट दिली म्हणून बांधावरून ट्रॅक्टर घालता येत नाही, तसं. परवानगी मागणाऱ्याला हक्क नसतो. हा मुद्दा ८ विरुद्ध ७ नं, एका मतानं, भारताच्या बाजूनं गेला.

शेवटचा प्रश्न, जुलै १९५४ मध्ये रस्ता बंद करून भारतानं कर्तव्य मोडलं का? ९ विरुद्ध ६ नं 'नाही'. दादऱ्यात सत्ता उलथल्यावर आजूबाजूला तणाव होता, आणि जाण्या-येण्याचं नियमन करणं हा भारताचा अधिकार, असं कोर्टानं धरलं. म्हणजे पोर्तुगाल हक्काच्या मुद्द्यावर अर्धा जिंकला आणि हाती काही लागलं नाही. भारतातर्फे तदर्थ न्यायाधीश म्हणून बसलेले मुंबई हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश एम. सी. छागला आणि पोर्तुगालतर्फे बसलेले फर्नांडिस, दोघांनीही वेगळी मतपत्रं लिहिली. दोघंही बहुमतावर नाराज.

त्या गावांतली माणसं मात्र या सगळ्यात पक्षकार नव्हती. हेगमध्ये फक्त देश उभे राहू शकतात. वारल्यांना कोणाचं राज्य हवं होतं, सावकारानं आणि जमीनदारानं त्यांचं काय केलं होतं, हा मुद्दा वादात येणारच नव्हता. त्या काळात तिथे वरिष्ठ पंचायत कारभार बघत होती, म्हणजे कागदावर पोर्तुगीज, प्रत्यक्षात मोकळं. ११ ऑगस्ट १९६१ पासून दहाव्या घटनादुरुस्तीनं तो भाग भारतात आला. विलीनीकरणाच्या कागदावर त्या भागातर्फे सही करायला बदलानी नावाच्या आयएएस अधिकाऱ्याला तिथला पंतप्रधान करावं लागलं होतं. पोर्तुगालनं हे सगळं मान्य केलं ते ३१ डिसेंबर १९७४ च्या करारात, लिस्बनमधली हुकूमशाही पडल्यावर.